टेक्सास विधिमंडळाला खुलं पत्र : पोलिसांना वसुलीच्या कामातून मोकळं करा

माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

२०१९ मध्ये तुम्ही 'ड्रायव्हर रिस्पॉन्सिबिलिटी प्रोग्रॅम' रद्द केलात. २००३ पासून चाललेली ती योजना म्हणजे दंडावर दंड होता. विम्याशिवाय गाडी चालवताना सापडलात, तर कोर्टाचा दंड भरायचाच, वर तीन वर्षं दर वर्षी २५० डॉलरचा अधिभार. तो थकला की लायसन्स निलंबित. रिपब्लिकन बहुमताच्या सभागृहांनी ती योजना मोडीत काढली आणि रिपब्लिकन राज्यपालांनी सही केली. तेव्हा वाटलं होतं, पुढच्या अधिवेशनात तिचं धाकटं भावंडही जाईल. ते भावंड म्हणजे वाहतूक संहितेचं प्रकरण ७०६, रोजच्या बोलण्यात 'ऑम्निबेस होल्ड': तिकीट थकलं की लायसन्सचं नूतनीकरण रोखणारी तरतूद. २०२१, २०२३ आणि २०२५ ची नियमित अधिवेशनं येऊन गेली. प्रकरण ७०६ जागेवर आहे.

मी कुठून बोलतो आहे ते आधी सांगतो, म्हणजे पत्र चुकीच्या फाइलीत जाणार नाही. मी रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत मतदान करणारा टेक्सासचा नागरिक आहे. सरकार आटोपशीर असावं, कमावलेली मालमत्ता कमावणाऱ्याची असावी, धडधाकट माणसानं काम करून पोट भरावं, ही माझी मतं आहेत आणि ती बदललेली नाहीत. पोलिसांचं बजेट कापा म्हणणाऱ्यांत मी कधी नव्हतो. अडीच लाखांवर वस्तीच्या शहरांनी पोलिसांचा निधी कापला तर त्यांना चाप लावणारा २०२१ चा कायदा मला पटला होता. पण ज्या गोष्टी खाली लिहितो आहे, त्यात आटोपशीर सरकार कुठेच दिसत नाही, मालमत्तेचा मान दिसत नाही, आणि काम करणाऱ्या माणसाच्या हातातलं कामच काढून घेतलं जातं.

इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयांकडे गेलीच आहे. ही मराठी प्रत प्लेनो, फ्रिस्को, अर्व्हिंग, केटी, शुगर लँडमधल्या आपल्या मराठी घरांसाठी. आपल्याकडे वाहतुकीचं तिकीट मिळणं म्हणजे शनिवारची सकाळ वाया जाणं. सहा तासांचा डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स लॅपटॉपवर लावायचा, कोर्टाचा खर्च क्रेडिट कार्डानं भरायचा, प्रमाणपत्र पाठवायचं, की केस रद्द. रेकॉर्ड कोरं, विम्याचा हप्ता तेवढाच. या वाटेसाठी तीन गोष्टी आधीपासून हातात लागतात: चालू लायसन्स, चालू विमा आणि रोख पैसे. ज्याच्याकडे यातली एक नाही, त्याच्यासाठी तीच चूक दुसऱ्या रस्त्यानं जाते. तो रस्ता जरा जवळून पाहू.

तिकिटाच्या कागदावर गुन्ह्याचं नाव असतं, कोर्टाचा पत्ता असतो, हजर राहायची तारीख असते आणि खाली चालकाची सही. ती सही गुन्हा कबूल केल्याची नसते. 'या तारखेला हजर होईन' एवढंच ते वचन. घोळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. लोकांना वाटतं, पैसे नसताना कोर्टात गेलं तर तिथेच बेड्या पडतील. म्हणून ते जात नाहीत. प्रत्यक्षात असलं तिकीट म्हणजे क्लास सी, सगळ्यात खालच्या पायरीचा गुन्हा. त्याला कैद नाहीच, फक्त दंड आहे, फार तर ५०० डॉलर. न जाण्यानं मात्र वॉरंट निघतं.

आता हिशेब. दंड शहराशहरात वेगळा असतो. उदाहरणासाठी १०० डॉलर धरू. वाहतुकीच्या नियमभंगावर त्याला चिकटणारे खर्च असे: राज्याचा एकत्रित कोर्ट खर्च ६२, स्थानिक १४, राज्याचा वाहतूक दंड ५०, स्थानिक वाहतूक दंड ३. बेरीज १२९. म्हणजे १०० चा दंड २२९ ला पडला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. तारखेला माणूस गेला नाही की हजर न राहिल्याचा दुसरा क्लास सी गुन्हा. त्याचाही दंड १०० धरा, खर्च ७६. एकूण झाले ४०५. दोन वॉरंटांचे प्रत्येकी ५०, म्हणजे ५०५. दोन्ही प्रकरणं ऑम्निबेसला कळवली गेली की प्रत्येकी १०, म्हणजे ५२५. साठ दिवसांहून जास्त थकलं आणि प्रकरण वसुली एजन्सीकडे गेलं की त्यावर ३० टक्के. शेवटचा आकडा ६८२ डॉलर ५० सेंट.

किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी ७ डॉलर २५ सेंटवर थांबलेलं आहे. मूळचा १०० चा दंड म्हणजे त्या दरानं चौदा तासांची मजुरी होती. ६८२ डॉलर म्हणजे चौऱ्याण्णव तासांची, तीही कर कापण्याआधीची. चूक मात्र तीच, एक लाल दिवा किंवा एक स्टॉप साइन.

इथून पुढे होल्ड. शहर किंवा काउंटी डीपीएसशी, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याशी, करार करते, मधलं काम ऑम्निबेस ही खासगी कंपनी पाहते, आणि प्रत्येक प्रकरणाच्या दहा डॉलरमधले सहा तिच्याकडे जातात. लायसन्स लगेच रद्द होत नाही. मुदत संपली की नूतनीकरण नाकारलं जातं. चार शहरांत चार तिकिटं थकली असतील तर चार होल्ड, आणि तीन मिटवून चौथा राहिला तरी लायसन्स मिळत नाही. नूतनीकरण नाकारल्यावर गाडी चालवली तर तो नवा गुन्हा: पहिल्यांदा क्लास सी, पुन्हा सापडला की क्लास बी, म्हणजे १८० दिवसांपर्यंत कैद आणि २,००० डॉलरपर्यंत दंड. ज्या चुकीला कायद्यानं कैद सांगितलेली नाही, ती चार पायऱ्या चढून कैदेपर्यंत पोचते. या प्रवासात रस्त्यावरची सुरक्षितता वाढवणारी एकही पायरी नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स जरूर काढा. इथे ते काढलं जातं पैसे थकले म्हणून.

आणि टेक्सासमध्ये गाडीवाचून माणूस कामावर जाणार कसा? आर्लिंग्टन हे चार लाखांच्या आसपास वस्तीचं शहर आहे आणि तिथे ठरलेल्या मार्गांवर धावणारी बससेवा नाही. गोदामातली पहाटे पाचची पाळी पायी गाठता येत नाही. २०२३ मध्ये तुम्हीच अन्नसाहाय्यासाठी पहिल्या गाडीच्या किमतीची मर्यादा १५,००० वरून २२,५०० डॉलर केलीत. गाडी ही चैन नाही, कामाचं साधन आहे, हे तुम्ही मान्य केलंत म्हणून. मग एका कायद्यानं माणसाला गाडी ठेवू द्यायची आणि दुसऱ्या कायद्यानं ती चालवू द्यायची नाही, याला काय म्हणायचं? थकलेला पैसा वसूल करायचा असेल तर आधी माणूस कमावता राहायला हवा, एवढा व्यवहार कुठल्याही किराणा दुकानदाराला कळतो.

तुम्ही म्हणाल, २०१७ मध्ये कायदा केला आहे की. न्यायाधीशानं ऐपत विचारायची, दंड कमी करायचा, माफ करायचा किंवा समाजसेवेत बदलून द्यायचा. केलात, आणि तो चांगला आहे. पण त्यातली फट पाहा. ऐपतीची चौकशी खुल्या कोर्टात कबुली देणाऱ्याला शिक्षा सुनावताना होते. बहुतेक तिकिटं खिडकीवर, टपालानं किंवा वेबसाइटवर निकाली निघतात. तिथे न्यायाधीश नसतो, म्हणून प्रश्नही नसतो. कारकुनाला दंड माफ करायचा अधिकार नाही. खिडकीवर नोटीस असते ती भरणा कसा करायचा याची. 'भरणं शक्य नसेल तर हा फॉर्म द्या' हे वाक्य तिथे शोधावं लागतं.

हा प्रश्न नवा नाही, आणि उत्तरही टेक्सासमधूनच मिळालेलं आहे. १९७१ च्या 'टेट विरुद्ध शॉर्ट' या प्रकरणात ह्यूस्टनच्या एका माणसाच्या डोक्यावर वाहतुकीचा ४२५ डॉलर दंड होता. भरायला पैसे नव्हते, म्हणून दिवसाला पाच डॉलर या दरानं पंच्याऐंशी दिवस तुरुंगात काढायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं: फक्त दंडाच्या गुन्ह्याची शिक्षा, माणूस गरीब आहे एवढ्याच कारणानं कैदेत बदलता येणार नाही. १९८३ च्या 'बिअर्डन विरुद्ध जॉर्जिया' मध्ये पुढे सांगितलं, की जाणूनबुजून भरत नाही की भरूच शकत नाही, हे आधी तपासा. पन्नास वर्षांनंतरही आपल्याकडे वसंत ऋतूच्या तोंडावर 'ग्रेट टेक्सास वॉरंट राउंडअप' भरतो. शहरं आधी पत्रं पाठवतात, मग पोलीस घरी, कामावर जाऊन अटक करतात. यातली कितीतरी वॉरंटं वाहतुकीच्या तिकिटांची असतात.

या पोलिसांना दुसरं काम नसतं तर गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्यूस्टन पोलिसांनी कबूल केलं, की २०१६ पासून २,६४,००० हून अधिक तक्रारी 'मनुष्यबळ नाही' असा शेरा मारून बाजूला ठेवल्या गेल्या होत्या. त्यात प्रौढांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या तक्रारी चार हजारांच्या वर होत्या. 'मनुष्यबळ नाही' यासाठी संगणकात खास कोड होता. ज्या बाईनं बलात्काराची तक्रार दिली तिच्यासाठी माणूस नाही, आणि थकलेल्या तिकिटासाठी माणूस धरून आणायला गस्तीची गाडी काउंटी तुरुंगाच्या दारात तासन् तास उभी. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. कायदा आणि सुव्यवस्था हे आपल्या पक्षाचं ब्रीद असेल, तर पोलिसांचा एकेक तास कुठे खर्च होतो याचा हिशेब पहिल्यांदा आपणच मागायला हवा. गरीब वस्तीला पोलीस नकोत असा एक समज आहे. तो खोटा आहे. खून, लूट, घरफोडी यांचा सगळ्यात मोठा मार त्याच वस्तीला बसतो, आणि तिला हवा असतो तो तपास करणारा पोलीस.

अटकेचंही तसंच. आपल्या कायद्यात एक विचित्र गोष्ट आहे. वेगमर्यादा मोडली, गाडीत उघडी बाटली सापडली किंवा गाडी चालवताना फोनवर मेसेज केला, तर हजर राहायच्या वचनावर सही केलेल्या माणसाला पोलीस अटक करू शकत नाहीत, तिकीट देऊन सोडावंच लागतं. पण लेन बदलताना सिग्नल दिला नाही तर अटक करता येते. सीटबेल्ट नसेल तरीही येते. आपल्याच राज्यातल्या लागो व्हिस्टा गावात एका आईला तिच्या लहान मुलांसमोर सीटबेल्टसाठी बेड्या घातल्या गेल्या. त्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त ५० डॉलर होता. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती अटक घटनेत बसते असं म्हटलं. विरोधी मत लिहिलं ते रेगन यांनी नेमलेल्या न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी. घटनेत बसतं याचा अर्थ राज्यानं ते करावंच असा होत नाही. मनाई करणं तुमच्या हातात होतं. त्याच वर्षी तुम्ही तसं विधेयक मंजूरही केलंत, राज्यपाल पेरी यांनी त्यावर नकाराधिकार वापरला.

१० जुलै २०१५ ला प्रेअरी व्ह्यूमध्ये सँड्रा ब्लँड यांची गाडी अडवली गेली ती लेन बदलताना सिग्नल न दिल्याबद्दल. सिगारेट विझवा, नाही विझवत, इथून शब्दाला शब्द वाढला आणि सरकारी नोकरावर हल्ल्याचा आरोप लागला. ५,००० डॉलरच्या जामिनासाठी ५०० डॉलर जमा व्हायचे होते. तीन दिवसांनी वॉलर काउंटीच्या कोठडीत त्यांचा मृतदेह मिळाला. २०१७ मध्ये त्यांच्या नावानं कायदा झाला. फक्त दंडाच्या गुन्ह्यात अटक नको, ही तरतूद मूळ मसुद्यात होती. तुम्ही मंजूर केलेल्या कायद्यात ती राहिली नाही. २०१८ च्या आपल्या पक्षाच्या राज्य जाहीरनाम्यातही ही मागणी होती. प्रतिनिधींनी मंजूर केलेली मागणी कुठल्या कपाटात गेली?

राहिली जप्ती, म्हणजे गुन्ह्याशी संबंध असल्याच्या संशयावरून पोलीस रोकड किंवा गाडी ताब्यात घेतात ती. इथे तर कुंपणच शेत खातं. आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या प्रकरण ५९ नुसार माणसावर गुन्हा सिद्ध व्हायची गरज नाही, दाखल व्हायचीही नाही. खटला वस्तूवर चालतो. 'दोन लाख एक हजार शंभर डॉलर विरुद्ध टेक्सास राज्य' अशा नावाचं अपील आपल्या न्यायालयात झालेलं आहे. पक्षकार कोण, तर नोटा. राज्यानं तीस दिवसांत जप्तीचा दावा लावायचा. नोटीस मिळाल्यापासून वीस दिवस उलटल्यावर जो पहिला सोमवार येतो, त्या दिवशी सकाळी दहापर्यंत मालकानं लेखी उत्तर दिलं नाही, तर एकतर्फी निकाल. सरकारकडून फुकट वकील मिळत नाही. आठशे-हजार डॉलर सोडवायला वकिलाला त्याहून जास्त मोजावे लागतील, म्हणून माणूस येतच नाही आणि रक्कम जाते. मी निर्दोष मालक आहे हे मालकानंच सिद्ध करायचं. आणि जप्त रकमेची वाटणी स्थानिक करारानुसार कोण करतं? जप्त करणारे पोलीस आणि दावा लावणारा जिल्हा सरकारी वकील.

शेल्बी काउंटीतलं टेनाहा हे गाव यामुळे देशभर ठाऊक झालं. २००६ ते २००८ या काळात महामार्ग ५९ वर गाड्या अडवून, रोकड सोडा नाहीतर खटला लावू, मुलं ताब्यात घेऊ, अशा धमक्यांवर कागदांवर सह्या घेतल्याचा आरोप होता. २०१२ मध्ये प्रकरण तडजोडीनं मिटलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी टेक्सासच्याच त्या नोटांच्या प्रकरणात लिहिलं, की अशा जप्तींचा मार गरिबांवर आणि स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्यांवर पडतो. त्यांना कुणी डावं म्हणणार नाही. २०१९ च्या 'टिम्ब्स विरुद्ध इंडियाना' मध्ये तर नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकमतानं म्हणाले, की अवाजवी दंडाची मनाई राज्यांनाही लागू आहे. दहा हजारांच्या कमाल दंडाच्या गुन्ह्यात बेचाळीस हजारांची गाडी जप्त केली होती. निकालपत्रात दाखला १२१५ च्या मॅग्ना कार्टाचा आहे: दंड असा नको की माणसाची रोजीरोटीच जाईल. जुनं ते जपावं म्हणणाऱ्यांना याहून जुनं काय हवं?

शेजारच्या न्यू मेक्सिकोत २०१५ मध्ये गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय जप्ती नाही असा कायदा झाला. सही करणाऱ्या राज्यपाल सुझाना मार्टिनेझ रिपब्लिकन, आणि पूर्वाश्रमीच्या जिल्हा सरकारी वकील. मिझुरीत फर्ग्युसनच्या दंगलीनंतर न्याय खात्याच्या मार्च २०१५ च्या अहवालात दिसलं, की सुमारे २१,००० वस्तीच्या गावात १६,००० हून अधिक लोकांवर वॉरंटं होती. चुकीच्या जागी एकदा गाडी लावणाऱ्या बाईला १५१ डॉलरचा दंड झाला. सात वर्षांत तिनं ५५० भरले, सहा दिवस तुरुंगात काढले, तरी ५४१ बाकी होते. तिनं २५ आणि ५० डॉलरचे हप्ते पाठवले होते, कोर्टानं ते परत केले. तिथे शहरांच्या उत्पन्नातल्या वाहतूक दंडाच्या वाट्यावर वीस टक्क्यांची मर्यादा आली ती रिपब्लिकन सिनेटर एरिक श्मिट यांच्या विधेयकानं. आपल्याकडे तीस टक्क्यांची मर्यादा आहे, पण पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावांनाच. तिकिटांचा कोटा ठरवायला कायद्यानं बंदी आहे हे मला माहीत आहे. पण गावाचं बजेटच तिकिटांवर उभं असेल, तर कोट्याचा कागद लागत नाही. गस्तीवर निघणाऱ्याला न सांगता कळतं.

पुढचं नियमित अधिवेशन जानेवारी २०२७ मध्ये, १४० दिवसांचं. विधेयकं नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर लगेच दाखल करता येतात. माझं मागणं साधं आहे. प्रकरण ७०६ पूर्ण रद्द करा आणि आधीचे सगळे होल्ड एका तारखेला उठवा. लोकांना खिडकीखिडकीला फिरवू नका. ते होईपर्यंत शहरांनी आपणहून करारातून बाहेर पडावं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक तिकिटाच्या मागे ऐपतीचा एक पानी फॉर्म छापा, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, आणि न्यायाधीशानं तो पाहिल्याशिवाय वॉरंट निघू नये. फक्त दंडाच्या गुन्ह्यात अटक बंद करा. कौटुंबिक मारहाण आणि सार्वजनिक ठिकाणची नशा हे अपवाद ठेवा, ते ठेवायलाच हवेत. जप्ती गुन्हा सिद्ध झाल्यावरच, आणि पैसा राज्याच्या सर्वसाधारण निधीत. दंडाच्या उत्पन्नाची मर्यादा सगळ्या शहरांना लावा. आणि प्रत्येक पोलीस खात्यानं दर तिमाहीला किती तक्रारी कुठल्या कोडखाली थांबवल्या ते जाहीर करावं. ह्यूस्टनचं कळायला आठ वर्षं लागली.

यानं गावांच्या तिजोरीत खड्डा पडेल असं महापौर म्हणतील. पडेल. तो मालमत्ता कर वाढवून भरायचा की खर्च कापून, हे त्यांनी मतदारांसमोर उभं राहून सांगावं. मी खर्च कापा म्हणेन, पण निदान तो वाद उघड्यावर होईल.

प्रत्येक सदस्याच्या कार्यालयाकडून मला दोन ओळींचं उत्तर पुरे आहे: प्रकरण ७०६ रद्द करण्याच्या बाजूनं आहात की नाही, आणि नसाल तर का. आलेली उत्तरं मी मराठीत करून याच वाचकांसमोर ठेवीन. ज्यांचं उत्तर येणार नाही, त्यांच्या नावापुढची जागा कोरी सोडेन.

आपला,
टेक्सासचा एक मराठी भाषक मतदार